खिळ्यावरची माळ

"आमच्या आईच्या तोड्यांचीच चांदी हिच्यात आहे, हे कशावरून?"

यशोदाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या मुठीत होते आणि ती मूठ घामाने ओली झाली होती. खरं तर प्रश्न तिच्या आईने, मथुराबाईंनी विचारायचा होता. पण सराफ कट्ट्यावर आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला तो लावलाच. मग दुकानाच्या पायरीवरून तिची वर्गमैत्रीण मालती हळूच म्हणाली, "यशे, वर्गात तर लई तोंड चालतं तुझं. हितं विचारून दाखव. पैज." तिच्या शेजारी बसलेली दुसरी मैत्रीण, कमलम्मा, हसली. झालं, यशोदा पैज सोडणाऱ्यातली नव्हे.

मित्रांनो, मी एक चांदीची माळ आहे. जुनी म्हणू की नवी, तोच तर सगळा घोळ.

माझा आधीचा जन्म तोड्यांचा. मथुराबाई लग्न होऊन मंद्रूपहून सोलापुरात आल्या त्या मला पायांत घालूनच. पण शहरात जड तोडे कोण घालतं? मी ट्रंकेच्या तळाशी गेले आणि तिथे वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून राहिले. मग एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली यशोदा नववीत गेली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन करायला तिची निवड झाली. माईकवर, सगळ्या शाळेसमोर! आधीच्या वर्षी हीच मुलगी हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. त्या आनंदात मथुराबाईंनी ट्रंक उघडली आणि तोडे मोडून यशोदाला माळ करायला सराफ कट्ट्यावर चंद्रव्वाकडे नेले.

चंद्रव्वा ही गुरप्पा कारागिरांची मुलगी. मुंबईला जाऊन चित्रकला शिकून आलेली. ती आधी कागदावर दागिना काढायची, मग घडवायची. तिने यशोदापुढे पाच-सहा कागद पसरले. मालतीने नाजूक गोफावर बोट ठेवलं. यशोदाने मात्र चादरीच्या काठावर असते तशी पायऱ्यापायऱ्यांची नक्षी निवडली. चपट्या कड्यांवर ती खोल कोरायची होती.

"नुसती चांदी मऊ असते," चंद्रव्वा म्हणाली. "कड्या वाकतील. थोडं तांबं घालावं लागतं. हजार भागांत नऊशे पंचवीस चांदी. याला स्टर्लिंग म्हणतात. मागं तसा शिक्का मारते."

तांब्याचं नाव निघालं आणि मथुराबाईंच्या कपाळावर आठी आली, ती मी वितळेपर्यंत तशीच होती.

घरी आल्यावर शेजारणींनी मला उलटीपालटी करून पाहिलं. "पायातली चांदी गळ्यात घालतीस व्हय गं?" एक म्हणाली. दुसरीने शिक्का बघितला. "ह्यो आकडा कशाला? खऱ्या माणसाच्या कपाळावर खरा म्हणून लिहितात का?"

तेव्हा यशोदा हसली. मीही हसले असते, पण आठवड्याभरात मी काळी पडू लागले.

रोज सकाळी ती मला रिठ्याच्या पाण्याने धुवायची, मऊ फडक्याने पुसायची. शाळेच्या पांढऱ्या पोलक्यावर मी लखलखायचे. संध्याकाळी ती मला दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची. सकाळी उठून बघावं तर माझ्यावर आधी पिवळट, मग निळसर, मग काजळासारखी झाक. मथुराबाई म्हणाल्या, "माझं तोडं कधी असं झालं न्हाईत. तिनं चांदी काढून घेतली आन् भलतंच काहीतरी दिलं."

मित्रांनो, रोज कुणी आपल्याला खोटी म्हणू लागलं की काय होतं सांगू? मलाच माझा संशय येऊ लागला. तोडे असताना लागलेली मंद्रूपच्या बाजाराची धूळ मला खरंच आठवते का? की मथुराबाईंच्या तोंडून ऐकून ऐकून मला वाटतं?

मथुराबाईंनी ठरवून टाकलं होतं. माळ मोडायची आणि पुन्हा तोडे करून घ्यायचे. म्हणून ही वरात सराफ कट्ट्यावर आली होती.

प्रश्न ऐकून चंद्रव्वाने हातातला चिमटा खाली ठेवला. ती रागावली नाही, हेच मथुराबाईंना जास्त संशयास्पद वाटलं. "तोंडानं सांगून तुम्हाला पटायचं नाही," ती म्हणाली. "चार दिवस माझ्याकडं ठेवा. का काळी पडते ते बघते."

आता मात्र मथुराबाईंचा पदर तोंडावरून निघाला. "ठेवा म्हणं. ऱ्हायलेलीबी काढून घेशील."

"मग माझ्याकडं द्या की," कमलम्मा पायरीवरून म्हणाली. "मी काय सोनार नाही. आणि माझ्या गळ्यात बरी दिसेल."

"चालेल," चंद्रव्वा म्हणाली. "पण मोडायचीच ठरली तर माझ्याकडंच आणा. दुसऱ्या कुणी ती नक्षी मोडलेली मला नाही आवडायचं."

कमलम्माच्या घरी दिवसभर मागांचा खडखडाट. मी तिच्या गळ्यात असायचे, रात्री तिच्या उशाच्या पेटीत. आणि काय सांगू, मी काळी पडलेच नाही. चार दिवसांनी ती मला घेऊन आली तेव्हा तिने मला मथुराबाईंच्या नाकासमोर धरलं. "काकू, चांदी बरोबर आहे. तुमच्या घरातच काहीतरी आहे."

"आमच्या घरात काय हाय?" मथुराबाई तडकल्या. "तूच काहीतरी लावून आणलंस."

पण संशयाचं तोंड आता आमच्याच घराकडे वळलं होतं. यशोदाने स्टोव्हच्या धुरावर नजर ठेवली. मी शिकेकाईच्या डब्यावर संशय घेतला, मग खिडकीतून डोकावणाऱ्या त्या आकडेवाल्या शेजारणीवर. शेवटी यशोदाने आईच्या कमरेचा चांदीचा छल्ला मागितला. तोही माहेरचाच. त्याच्या खरेपणाबद्दल मथुराबाई देवाशीसुद्धा भांडल्या असत्या.

रात्री तिने तो माझ्या खिळ्याला अडकवला आणि मला स्वतःच्या गळ्यात ठेवून झोपली.

सकाळी छल्ला काळा.

मथुराबाई कितीतरी वेळ तो पदराने पुसत राहिल्या. यशोदा खिळ्याजवळ गेली. छल्ल्याला चिकटूनच तिच्या वडिलांचा, आप्पांचा, सदरा होता. आप्पा, म्हणजे हरिबा, चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. काळं सूत रंगवायचं त्यांचं काम. तिने सदरा नाकाला लावला. सडक्या अंड्यासारखा वास. तो वास घरात इतका रोजचा होता की कुणाला येतच नव्हता.

"गंधक," ती म्हणाली. "शास्त्राच्या बाईंनी सांगितलं होतं. गंधकाची वाफ लागली की चांदी काळी पडते. काळ्या रंगात गंधक असतं, व्हय ना, आप्पा?"

आप्पा चहा पीत होते. त्यांनी कप ठेवला, उठले आणि सदरा खिळ्यावरून काढला. "व्हय, असतंय," ते म्हणाले. "आजपासनं ह्यो बाहेर टांगतो. आंघूळबी कारखान्यातच करून येतो. पोरीच्या जिनसा खराब व्हायला नकोत."

ते दाराबाहेर जाऊन खिळ्याला जागा शोधू लागले. मथुराबाई खाली बघत होत्या. चंद्रव्वावर घेतलेला संशय आता कुठे ठेवायचा, हे त्यांना कळत नसावं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी कुणी तुमच्याकडे असेल तर तिला रिठ्याच्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने पुसा, राख-रांगोळी घासू नका, चरे पडतात. निवडताना शिक्का बघा, नक्षी बघा, हातात घेऊन वजन बघा. पण ती काळी पडली तर घडवणाऱ्याला चोर म्हणण्याआधी तिच्या शेजारी काय टांगलंय ते जरा बघा.

यशोदाने मला गळ्यातून काढलं नाही. खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. पुसल्यामुळे माझे उंचवटे चकचकीत होते, पण कोरलेल्या खाचांत आधीचं काळं राहून गेलं होतं. त्या काळ्यामुळेच पायऱ्यापायऱ्यांची ती नक्षी लांबून ओळखू येत होती. मी नवी होते तेव्हाही ती इतकी उठून दिसली नव्हती.

ती दारात गेली आणि आप्पांच्या हातातला सदरा काढून घेतला.

"आई, आप्पा, मी ठरवलंय," ती म्हणाली. तोच आवाज, जो संमेलनात माईकवर लागणार होता. "सदरा आतच राहणार. खिळ्यावर त्याचा नंबर आधीचा आहे. आई, तुला आज माझ्याबरोबर चंद्रव्वाकडं यायचंय आणि बोलायचं तू, मी नाही. आणि माळ मोडायची नाही. मी ती अशीच घालून स्टेजवर जाणार. वरवरचं पुसीन, पण खाचांतलं काळं काढणार नाही. तो आप्पांच्या हातचा रंग आहे."