अमरकंटकाजवळची लाल रेघ

मित्रांनो, मी मध्य प्रदेशाचा एक जुना नकाशा आहे, आणि माझ्या अंगावर एक चूक आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलताना माझी धडधड थोडी कमी होईल.

माझा जन्म जबलपूरच्या एका छापखान्यात झाला. तेव्हा मध्य प्रदेश अखंड होता. मला जाड कापडावर खळीने चिकटवलं, वरखाली लाकडी दांड्या ठोकल्या आणि रायपूरला पुरानी बस्तीतल्या एका मराठी शाळेत धाडलं. विदर्भातून रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या लोकांची मुलं तिथे शिकत. प्रत्येकाला आधी आपलंच गाव शोधायचं असे. इतकी बोटं लागली की रायपूरचा ठिपका पुसून तिथे चक्क भोक पडलं. तरी मला त्याचं दुःख नव्हतं. आपल्याला कुणी विचारतंय, याचंच सुख मोठं.

भूगोल सुशीलाबाई शिकवत. त्यांचा आवाज इतका हळू, की ऐकण्यासाठी वर्गाला गप्प बसावं लागे. अमरकंटकहून आणलेलं नर्मदेच्या उगमाचं पाणी त्यांच्या देव्हाऱ्यात एका लोटीत असे. रोज त्या लोटीला फूल वाहिल्याशिवाय बाई पाण्याचा घोटही घेत नसत.

सन दोन हजारच्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी. फटाके वाजले, पेढे वाटले, पण नवा नकाशा काही लगेच मिळेना. मग बाईंनी वर्तमानपत्रातला छोटा नकाशा समोर धरला आणि लाल शाईने माझ्यावर नव्या राज्याची रेघ ओढायला घेतली. रेघ वरून खाली येत अमरकंटकाशी पोचली. नेमकी तिथेच वर्तमानपत्राची छपाई फिसकटलेली होती. बाईंचा हात थांबला.

"नर्मदामाय तर आपलीच," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि रेघ हलकेच वळवून त्यांनी अमरकंटक छत्तीसगडात घेतलं.

पहिल्या बाकावर सातवीतली चेतना बसली होती. रेल्वेतल्या लहानू मेश्रामांची ही मुलगी. तिने ती रेघ जशीच्या तशी वहीत उतरवली.

दोन वर्षांनी नवा नकाशा आला. बाईंनी तो भिंतीवर लावला आणि एकाच जागी बराच वेळ बघत राहिल्या. अमरकंटक रेघेच्या पलीकडे होतं, मध्य प्रदेशात. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. मला गुंडाळलं, सुतळीने दोनदा गाठ मारली आणि कपाटावर ठेवून दिलं. चेतनाचा वर्ग तोवर पुढे, जिन्यावरून वरच्या मजल्यावर गेला होता.

कपाटावर मी सोळा-सतरा वर्षं पडून होतो. कसर लागली, उंदरांनी एक कोपरा नेला. मग एक दिवस शाळेचे शिपाई बाबाराव यांनी मला खाली काढलं. निवृत्त झालेल्या सुशीलाबाई त्या दिवशी पेन्शनच्या कागदासाठी शाळेत आल्या होत्या.

"बाई, आपली चेतना शाळेत भाषण द्याले येऊन राहिली," बाबाराव म्हणाले. "नवा रायपूरले मंत्रालयात मोठी साहेब झाली ना आता. तिनं सोताच फोन करून सांगतलं, तो जुना कापडी नकाशा टांगून ठेवा मने."

"जुनाच काहून?"

"मले काय मालूम. नवा चांगला आहे, तर तो नाही पाहिजे. मोठ्या लोकाईचं असंच राह्यते."

बाईंचा चेहरा उतरला. माझाही उतरला असता, पण नकाशाला चेहरा कुठला. तिला ती रेघ आठवत असेल का? साऱ्या शाळेसमोर ती काय बोलेल?

कार्यक्रमाच्या दिवशी बाई तासभर आधीच आल्या. मला टांगलेलं होतं, सभागृहात कुणी नव्हतं. त्यांनी पिशवीतून ब्लेड काढलं आणि अमरकंटकाजवळची लाल शाई खरवडू लागल्या. मित्रांनो, माझा कागद आता पापडासारखा झालाय. आणखी दोनदा हात फिरला असता तर अमरकंटकच नाहीसं झालं असतं.

तेवढ्यात बाबाराव खुर्च्या घेऊन आत आले. "बाई, काय करून राहिल्या?"

"धूळ पुसून राहिली." बाईंनी ब्लेड मुठीत लपवलं.

चेतना आली, बाईंच्या पाया पडली आणि माझ्याजवळ उभी राहिली. "रायपूर कुठे आहे, कोण दाखवतं?" तिने विचारलं.

एक मुलगी पुढे आली. "दीदी, यहाँ तो छेद है."

"हव, तेच रायपूर. आम्हीच बोटं लावून लावून पाडलं ते." मुलं हसली. मग ती म्हणाली, "मी पहिल्यांदा सरकारी नोकरीच्या मुलाखतीला गेले, तेव्हा विचारलं, अमरकंटक कोणत्या राज्यात? पुस्तकं तर ढीगभर वाचली होती, पण डोळ्यांपुढे हीच लाल रेघ आली. मी म्हटलं, छत्तीसगड. समोरचे तिघंही हसले. पुढचं एकही उत्तर मला धड देता आलं नाही. एक वर्ष घरी बसले. बाबा समजावत, अन मी या नकाशाले शिव्या देत होती."

आता मला फाडतील, असंच मला वाटलं. पण पहिल्या रांगेतून सुशीलाबाई उठल्या.

"नकाशाले नको बोलू, पोरी. रेघ मी ओढली. अन चूक मले दोन वर्षांतच समजली होती. मी कोणालेच सांगितली नाही."

चूक बाईंना तेव्हाच कळली होती, हे चेतनाला ठाऊक नव्हतं. ती बाईंकडे वळली.

"तेव्हा मी नववीत होते, बाई. इथंच, वरच्या मजल्यावर. काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली." बाईंनी मूठ उघडली. "आज तर खरवडूनच टाकणार होती."

चेतनाने ते ब्लेड पाहिलं. हातातला भाषणाचा कागद तिने दुमडून पर्समध्ये ठेवला. मी माझ्या खिळ्याला घट्ट धरून होतो. मग तिने स्वतःचं निळं पेन बाईंपुढे धरलं.

"खरवडू नका. शेजारी बरोबर रेघ ओढा. या पोरांना दोन्ही दिसू द्या."

कागद फाटू नये म्हणून चेतनाने माझ्या मागून कापडाला तळहाताचा आधार दिला. बाईंनी निळी रेघ ओढली. ती सरळ आली नाही, पण बरोबर आली.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर अधूनमधून ऊन दाखवा, कसर झाडा. माझ्यासारखे जुने नकाशे, जुनी पुस्तकं फेकू नका, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. आणि कधी तुमच्याकडून कुणाला काही चुकीचं सांगितलं गेलं, तर तो वरच्या वर्गात असेल तोवरच जिना चढून जा आणि सांगा. लाज वाटेल, ती घेऊनच जा. बाईंचा तो एक जिना चढायचा राहिला, आणि चेतनाचं एक वर्ष गेलं.