आनंदीआत्या वाचते

माझ्या लहानपणी पुण्यात पेशवाई होती. बुधवार पेठेतल्या आमच्या विष्णूच्या देवळात चातुर्मासात रोज दुपारी बायकांसाठी प्राकृत पोथी वाचली जाई. वाचणारे दीनानाथबुवा. एका वर्षी बुवांना दिसेनासे झाले आणि पोथ्या रुमालात बांधलेल्या तशाच राहिल्या. बायका येत, दर्शन घेत, उगाच थोडे बसत आणि घरी जात.

आनंदीआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. वडिलांनी तिला दार लावून धुळपाटीवर अक्षरे शिकवली होती. दार लावून, कारण बाईने वाचणे लोकांना चालत नसे. तिने सरळ देवळात जाऊन सांगितले, "दत्तोबा, उद्यापासून पोथी मी वाचीन."

देवळाचा कारभार दत्तोबांकडे होता. ते म्हणाले, "वाचाल की म्हणाल? बुवांचं ऐकून ऐकून पाठ झालं असेल. पोपटही म्हणतो हो."

बायकांना ऐकून शेकडो ओव्या पाठ असत, हे खरेच होते. पोथी समोर धरून बसलेली बाई वाचते की म्हणते, हे कोणी कसे ओळखावे?

आत्या तणतणत घरी आली. माझे वडील श्रीनिवासपंत संगमावर, पेशव्यांच्या दरबारी असणाऱ्या इंग्रज वकिलाच्या बंगल्यात, एका साहेबाला मराठी शिकवत. सगळे ऐकून ते हसले.

"साहेबाने आजच एक शब्द सांगितला. लिटरेट. म्हणजे वाचता येणारा. मूळ लॅटिन, त्यांची जुनी शास्त्राची भाषा. तिच्यात लिटेरा म्हणजे अक्षर. ज्याच्यापाशी अक्षरं आहेत, तो लिटरेट."

"एवढंच?"

"पूर्वी एवढंच नव्हतं. लॅटिन येत असेल तरच लिटरेट म्हणत. नुसती घरची भाषा वाचली तर नाही."

"म्हणजे तिथेही दत्तोबा आहेत," आत्या म्हणाली.

"अगं, पुढे ऐक. पूर्वी तिथे वाचता येणाऱ्याला पाद्र्यांत गणत, आणि त्याची फाशी टळे. त्यांच्या धर्मपुस्तकातला एक श्लोक वाचून दाखवायचा. बहुतेक वेळा तोच श्लोक. मग काय, चोरांनी तो पाठच केला!"

मी खूप हसले. आत्या हसली नाही.

"दादा, श्लोक ठरलेला होता, म्हणून चोरांचं फावलं. माझ्यासाठी काही ठरवू नका म्हणावं."

दुसऱ्या दुपारी देवळात बायका जमल्या होत्या. आत्या दत्तोबांना म्हणाली, "आपल्या घरची पोथी आणा. बुवांनी इथे कधी न वाचलेली. पानं पिसा आणि हवं ते द्या."

पोथीची पाने सुटी असतात. दत्तोबांनी ती चांगली खालीवर केली आणि मधलेच एक तिच्या हाती दिले. आत्याने ते डोळ्यांजवळ धरले.

"गणीं उभा ठाकला एकला..."

"गणीं?" दत्तोबा मोठ्याने म्हणाले. "हा कुठला शब्द, आनंदीबाई?" बायकांत खसखस पिकली. माझे कान तापले. आता ही गोंधळणार, काहीतरी जुळवून सांगणार, असे मला वाटले.

आत्याने मानही वर केली नाही. "पानावर आहे ते वाचते. शब्द अर्धा आहे. उरलेला अर्धा आधीच्या पानावर, आपल्याकडे असेल. शोधा."

दत्तोबा पाने चाळू लागले. पुष्कळ वेळ गेला. शेवटी एका पानाशी ते थांबले आणि तळाची ओळ त्यांनी हळू वाचली, "मग तो वीर रणां..."

पुढचे बायकांनीच एका सुरात म्हटले, "गणीं!"

पाठ म्हणणारी अर्ध्या शब्दापासून कशाला सुरुवात करील? हे तिथल्या सगळ्यांना कळले, दत्तोबांनाही. पाने रुमालावर ठेवत ते म्हणाले, "देवासमोर नाही बसता येणार. बाहेर ओवरीत बसा."

"ओवरीत उजेड बरा आहे," आत्या म्हणाली. पोथी उचलून ती बाहेर गेली, खाली बसली आणि पाने ओळीने लावू लागली. देवासमोरच्या बायका एकेक करून उठल्या आणि ओवरीत येऊन बसल्या.