लिंबाखालची गाडी

"बस्स. आता एक थेंब न्हाई," म्हणत अमृतरावांनी पेट्रोलच्या नळीवर हात ठेवला. मशीन नुकतंच खट् करून आपोआप थांबलं होतं आणि त्यांचा जावई वीरेश गाडीची मागची बाजू दोन्ही हातांनी धरून हलवायच्या बेतात होता. गाडी हलवली की टाकीत अडकलेली हवा निघते आणि आणखी पेट्रोल बसतं, हे नांदेडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आज हलवाहलवी चालणार नव्हती. आज माप होतं.

"मामा, गळ्यापर्यंत भरल्याबगर टाकी फुल कशी म्हणायची?"

"पहिला कट पडला की थांबायचं. संध्याकाळी हाच पंप, हीच नळी, आन् असाच पहिला कट. माप म्हंजे माप."

वीरेशने हात झटकले आणि पंपावरच्या माणसाकडे पाहून डोळे मिचकावले, जणू म्हाताऱ्याच्या हट्टाला आपण मोठ्या मनाने मान देतो आहोत. अमृतरावांनी ते पाहिलं आणि गिळलं. जावई हा दहावा ग्रह, आणि हा ग्रह त्यांनी स्वतः गाडी देऊन घरी बसवला होता.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अमृतरावांची आडत. त्यांच्या काट्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. भांडखोर शेतकरीसुद्धा दुसरीकडे वजन करून पाहायचा आणि गुमान परत यायचा. लेकीच्या, दामिनीच्या लग्नात त्यांनी हौसेने ही छोटी गाडी दिली. गाडीच्या पत्रकात लिहिलं होतं, लिटरला तेवीस किलोमीटर. वीरेशच्या हिशेबाने ती अकरा देत होती. बारशात, साखरपुड्यात, कुणाच्या दिवसकार्याला जमलेल्या माणसांतही तो हा आकडा सांगे. कंपनीचं नाव कधी निघत नसे. "मामाची गाडी अकरा देते," एवढंच. लोक हसत. वाजिद मेकॅनिकने प्लग बदलले, फिल्टर बदलले, सगळं उघडून पाहिलं आणि दोष काही नाही म्हणून गाडी परत केली. मग मागच्या आठवड्यात वीरेश फोनवर, त्यांना ऐकू जाईल असं, चारचौघांत म्हणाला, "मामांनी काट्यावर मोजूनच दिली असंल गाडी." ते अमृतरावांच्या वर्मी लागलं. दुकान मुनिमावर टाकून ते एसटीने नांदेडला आले आणि दारातच म्हणाले, चला, लातूरपर्यंत जाऊन येऊ, माप समोर होऊ द्या. गाडीतल्या मीटरवर जायचं नाही, कारण तेही कंपनीचंच. पंपावर दिसेल तेच खरं. वीरेश लगेच तयार झाला.

घर त्यांना आवडलं नव्हतं. पुढच्या खोलीत विहीणबाई गौरम्मा कूलरसमोर खाटेवर बसून असत आणि टीव्ही सकाळपासून बोंबलत असे. दामिनीची खोली मागे, वर पत्रे, दाराच्या जागी पडदा. चहा घ्यायला ते तिथे डोकावले तेव्हा भिंतीसुद्धा तापल्या होत्या. तिथला कूलर दुरुस्तीला गेला असेल, असं ते धरून चालले. दामिनीने चहा दिला आणि वर पाहिलंसुद्धा नाही.

"भांडायला इतक्या लांब आलात अप्पा?"

"भांडायला न्हाई. खरंखोटं करायला."

"एकच हाय ते," ती म्हणाली आणि आत गेली.

बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी उभी होती. वीरेश शाळेवर मोटरसायकलने जाई. गाडी निघायची ती रविवारीच. ती मागे घेतल्यावर खाली जमिनीचा एक ओला तुकडा दिसला. एप्रिल महिन्यात साऱ्या गल्लीत गवताची काडी नव्हती आणि तिथे मात्र हिरवीगार हरळी उगवली होती. बघा, गळती पण आहे, असं वीरेश आनंदाने म्हणाला. दुसऱ्याच्या घरी चोरी झाल्यावर काही माणसांना जो आनंद होतो, त्या जातीचा तो आनंद होता.

लोह्याच्या पुढे गेल्यावर वीरेशने खरे गुण दाखवायला सुरुवात केली. गाडी तिसऱ्यात ओरडेपर्यंत तो गिअर बदलत नसे. रिकाम्या रस्त्यावर वेग वाढवी आणि लगेच ब्रेक दाबी. एसी पूर्ण चालू ठेवून त्याने खिडक्याही उघड्या टाकल्या. माळाकोळीच्या चढावर अमृतरावांना राहवलं नाही.

"जावईबापू, गिअर बदला. इंजन रडून राहिलं."

"गाडी तुमची मामा. पाय माझा हाय."

अहमदपूर मागे पडलं. अमृतरावांना त्याचा मनापासून राग येत होता, आणि त्याहून जास्त राग स्वतःच्या निवडीचा. स्थळ पाहताना त्यांनी वीरेशची नोकरी पाहिली, घर पाहिलं, पाहुणे पाहिले. धान्य घेताना ते पोत्यात तळापर्यंत हात घालून मूठ काढत. माणूस घेताना मात्र वरचेच चार दाणे पाहिले होते.

लातूरला ते एका हॉटेलासमोर थांबले. वीरेश इंजिन आणि एसी तसाच चालू ठेवून उतरला आणि आत जाऊन त्याने थाळी मागवली. अमृतराव गाडीतच बसून राहिले. ते फोनची वाट पाहत होते. दामिनी रोज दुपारी फोन करायची, मोंढ्यात सगळे पेंगत असत त्या वेळी. तिची आई गेल्यापासूनचा हा नेम. फारसं काही नसे त्यात. काय जेवलात, गोळी घेतली का, माझ्या खोलीच्या खिडकीतला मोगरा जगला का. तिच्या बोलण्यामागे एक सारखी घरघर ऐकू येई. कूलर असेल, लेकीच्या खोलीत गारवा आहे, म्हणून त्यांना बरं वाटे. बहुतेक वेळा तेच फोन आटोपता घेत. गिऱ्हाईक आलंय, ठेवतो, असं म्हणत. ती म्हणायची, बसा की अजून जरा. पण तोवर त्यांचा हात काट्याकडे गेलेला असे.

आज फोन आला नाही. शेवटी त्यांनीच लावला.

दामिनीच्या आवाजाआधी टीव्हीचा आवाज आला, त्यावर कूलरचा खडखडाट आणि त्यावर गौरम्मांची हाक. दामिनी कुजबुजली, "आज न्हाई जमायचं अप्पा. इथं बोलता येत न्हाई."

"रोज तर बोलतीस."

फोन कट झाला.

अमृतराव फोन हातात धरून बसले. मग चालू इंजिनाची चीड येऊन ते बंद करावं म्हणून उतरले, वळसा घालून पलीकडच्या दाराकडे गेले आणि तिथेच थांबले. गाडीखालून पाणी ठिबकत होतं. एसीचं पाणी, थेंब थेंब. धुळीत एक ओला तुकडा झाला होता, थेट लिंबाखालच्या तुकड्याएवढा. आणि उघड्या खिडकीतून तीच घरघर येत होती, जी ते रोज दुपारी ऐकत होते.

रविवारीच निघणाऱ्या गाडीखाली हरळी उगवते ती काही उगीच नाही. त्यांची लेक दुपारी सासू झोपली की खुंटीवरची किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसत होती. दार लावून, काच चढवून, इंजिन चालू करून. अख्ख्या घरात तिला आतून बंद करता येईल असं दार एवढं एकच होतं. गाडी जागची हलत नव्हती आणि पेट्रोल जळत होतं. त्यातलं निम्मं त्यांच्याशीच बोलण्यात जळालं होतं, आणि ते गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवून देत होते. अमृतरावांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि जेवायला म्हणून ते आत गेलेच नाहीत.

परतताना वीरेशचा नूर पालटला होता. इतका जोर लावूनही गाडीतलं मीटर विसाच्या वर दाखवत होतं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, तो ओठ चावत बसला होता. मग एकदम बोलला.

"समजा गाडी चांगली निघाली मामा. मग पेट्रोल जातंय कुठं? म्हंजे घरात चोर हाय."

"असं कसं म्हंता."

"किल्ली खुंटीला असती. दिवसभर घरात कोण असतं? आई तर खाटेवरून उठत न्हाई. उद्यापासून किल्ली माझ्या खिशात. आन् दामिनीला आईच्या म्होरं बसवतो, इष्टलिंगावर हात ठेवून बोल म्हंतो, पेट्रोल कुणाला दिलंस."

अमृतरावांनी शर्टावरून स्वतःच्या गळ्यातलं लिंग चाचपलं. लिंगावर हात ठेवून दामिनी खोटं बोलणार नाही, हे त्यांनीच तिला लहानपणापासून शिकवलं होतं. ती खरं सांगेल, आणि मग ते खरं गल्लीभर होईल. सून घर सोडून गाडीत जाऊन बसते, कुणाशी बोलत असते कोण जाणे. अकराचा आकडा साऱ्या नांदेडला सांगणाऱ्या माणसाला हे सांगायला किती वेळ लागणार होता? आणि ते दार तिच्यासाठी कायमचं बंद होणार होतं.

पंप आला तेव्हा ऊन उतरलं होतं. तीच नळी. अमृतराव खाली उतरून उभे राहिले. मशीन चालू झालं, आकडे पळाले आणि खट् करून कट पडला. त्या घटकेला अमृतराव जिंकले होते. रविवारच्या फेरफटक्याचं सोडा, असल्या हाणामारीतही गाडीने विसाच्या वर दिलं होतं. मशीनवरचा आकडा वाचून वीरेशचं तोंड उतरलं.

त्याने तिरक्या नजरेने सासऱ्याकडे पाहिलं. "हवा धरली असंल टाकीत," असं पुटपुटत तो गाडीच्या मागे गेला, दोन्ही हात लावून हळूच एकदा हलवून पाहिली आणि थांबला. सकाळसारखा हात नळीवर येणार, याची तो वाट पाहत होता.

अमृतराव चालत दुसऱ्या बाजूला गेले. त्यांनी गाडीला खांदा लावला.

"हलवा," ते म्हणाले. "भर रे बाबा, गळ्यापर्यंत भर."

दोघांनी मिळून गाडी हलवली. पेट्रोल गुळगुळत आत जात राहिलं, थांबलं, पुन्हा गेलं, शेवटी तोंडाशी चकाकायला लागलं. सासराजावयांनी एकजुटीने केलेलं ते पहिलंच काम असेल. वीरेशने मोबाइलवर भागाकार केला आणि त्याचा चेहरा खुलला. पंधरा. मोकळ्या रस्त्याला पंधरा, मग गावात अकरा. तो काय खोटं बोलत होता का?

"न्हाई," अमृतराव म्हणाले. "माझंच माप चुकलं."

हे वाक्य मोंढ्यात कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण अजून एक गोष्ट पक्की करायची होती. समोरच्याने माल धरून ठेवावा असं वाटत असेल तर आपणच तो मोडीत काढावा, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. असली गाडी कशाला ठेवता, विकून टाका, असं ते सहज म्हणाले.

"विकतो कशाला?" वीरेश म्हणाला. "राहू द्या की दारात. लोकांना दाखवायला कामाची हाय."

चोराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. घरी पोचेपर्यंत तो शीळ घालत होता. दारातूनच त्याने आईला आकडा सांगितला आणि गौरम्मा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "व्याही आपल्या गावात हुशार असतील. हितं न्हाई चालत." अमृतरावांनी मान खाली घातली. ते त्यांना वाटलं होतं त्याहून सोपं गेलं.

दामिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. वीरेश किल्ली खुंटीला अडकवून हातपाय धुवायला गेला होता. तिने बापाकडे सकाळपासून पहिल्यांदा नीट पाहिलं.

"अप्पा, तुमचं माप कसं चुकलं?"

"चुकतं कवाकवा." ते पाणी प्यायले आणि तांब्या परत देताना हळू आवाजात म्हणाले, "गाडी लिंबाखालीच राहू दे. उन्हात एसी लई पेट्रोल खातो. आन् ती हरळी उपटून टाक."

तांब्या दोघांच्या हातात तसाच राहिला. मग तिने तो घेतला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोंढ्यात फोन वाजला. समोर एक शेतकरी तुरीच्या वजनासाठी उभा होता, आधीच ताटकळून चिडलेला. उदगीरभर बातमी पोचायला वेळ लागला नव्हता; म्हणे आडत्याच्या जावयाने आडत्याचंच माप खोटं पाडलं, असं तो मघाशी ऐकू जाईल अशा बेताने शेजारच्याला सांगत होता. अमृतरावांनी फोन कानाला लावला. मागे घरघर होती.

"गिऱ्हाईक असंल ना अप्पा?" दामिनी म्हणाली. "ठेवू?"

अमृतरावांनी शेतकऱ्याला हाताने बसायची खूण केली.

"न्हाई," ते म्हणाले. "बोल तू."