तिसरा कौल

आमच्या शिनचू शहरात मुलगी चिपच्या कंपनीत लागली की बापाची छाती फुगतेच. माझ्या धाकट्या भावाची, आ-खुनची, जरा जास्तच फुगली होती. त्याची युनरू तिथे इंजिनिअर. आता कंपनी तिला जपानातल्या नव्या कारखान्यावर पाठवत होती, तेही वरच्या जागेवर. आणि ही बया म्हणे, एका तंत्रशाळेनं पोरांना मशीनकाम शिकवायला बोलावलंय, तिकडे जाऊ का? पगार निम्मा. दोन्हीकडे सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

माझं तर डोकंच फिरलं. मी नगरदेवाच्या देवळासमोर अंगणात मटणाच्या गोळ्यांचं सूप आणि तांदळाच्या शेवया विकते. उभा जन्म वाफेत गेला. लोक त्या कंपनीच्या दारात चपला झिजवतात आणि हिला सुख टोचतंय, असं मी तिला तोंडावर सांगितलं.

ती भांडली नाही. सूप पीत कंपनीतल्या नव्या पोरांबद्दल बोलत बसली. पंप बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो ओळखायला ती त्यांना शिकवते. मशीन रुसू नये म्हणून तिच्यावर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवायचा असतो. एका पोरानं तारीख उलटून गेलेलं पाकीट ठेवलं आणि नेमकी मशीन बंद पडली, तर सगळे त्या पोरावर तुटून पडले. युनरूनं मात्र त्याला शेजारी बसवून बिघाड शोधायला लावला. आणि त्याला तो सापडला, हे सांगताना तिचे डोळे असे काही चमकले! मी मात्र गिऱ्हाईक बघत नुसती हं हं करत होते.

शनिवारी दुपारी आ-खुनचा फोन आला. तिला देवापुढे ने, कौल लाव, देव म्हणेल ते खरं. देव आपल्याच बाजूनं बोलणार याची त्याला खात्री होती. मलाही होती, खोटं कशाला बोलू?

चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फाका ओंजळीत धरून ती गुडघ्यांवर बसली. टाकल्या, तर दोन्हींच्या सपाट बाजू वर. देव हसला. म्हणजे प्रश्नच धड नाही. मी म्हटलं, नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं सांग, देवाला काय एकच युनरू आहे? तिनं सांगितलं. देव पुन्हा हसला.

"विचारतेस तरी काय गं?"

"बाबांना बरं वाटावं म्हणून जपानला जाऊ का?"

"बापाला मध्ये कशाला आणतेस? तू जावंस का, एवढंच विचार."

तिनं तेवढंच विचारलं. एक फाक सपाट, एक उपडी. हो! मी हात जोडले. दुसऱ्यांदाही हो. लागोपाठ तीनदा हो पडला की कौल पक्का. मी भावाला लावायला फोन हातात घेतलासुद्धा. पण युनरू फाका छातीशी धरून बसूनच राहिली. मागच्या रांगेतली एक बाई खाकरली.

"टाक ना."

"आत्या, पडला तर?"

"पडला तर पडला. त्यासाठीच आलोय ना?"

"मग मला जावं लागेल."

या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. परीक्षेच्या दिवशीसुद्धा तिचं तोंड असं उतरलेलं पाहिलं नव्हतं. तिनं तीनदा वाकून नमस्कार केला आणि फाका तबकात ठेवून दिल्या. दोन 'हो' हातात असताना उठून जाणारं माणूस मी या देवळात पाहिलेलं नाही. लोक एकेका 'हो'साठी रडतात. संताप आला आणि भीतीही वाटली. घाईघाईनं तिच्या वतीनं मीच माफी मागितली. देव रागावला की नाही कोण जाणे, त्याचा चेहरा एरवीही रागीटच असतो.

माझ्या सूपच्या गाडीवर आल्यावर तिनं चुलीशेजारी उभ्याउभ्याच शाळेला येते म्हणून कळवलं. सोमवारची वाटही पाहिली नाही. मग भूक लागली म्हणाली आणि दोन वाट्या शेवया खाल्ल्या. कित्येक महिन्यांत ती माझ्याकडे अशी जेवली नव्हती. मला आतून भरून आलं.

तेवढ्यात आ-खुनचाच फोन. काय म्हणाला देव? समोर देवाचं दार, खोटं बोलायची सोय नाही. दोनदा हो म्हणाला, हे ऐकून तो आनंदानं ओरडला. तिसऱ्यांदा टाकलंच नाही, हे ऐकून आणखी मोठ्यानं ओरडला. आत्ताच्या आत्ता तिला परत ने, म्हणे, हात धरून टाकायला लाव.

मी युनरूकडे पाहिलं. ती वाटी तशीच धरून थांबली होती.

"आ-खुन," मी म्हटलं, "तिसरा कौल तू येऊन टाक. पण 'हो' पडला तर जपानला तूच जायचं."

मग हळूच म्हणाला, "ताई, ती शाळा लांब आहे का गं?"