धुलाईखोलीच्या दारावरची चिठ्ठी

गुनवोरने तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीचं दार ढकललं आणि आधी घड्याळ पाहिलं. पाच वाजून सात मिनिटं. पाचपासून तिची धुण्याची पाळी होती, आणि तिसऱ्या मजल्यावरची तिल्दा अजून मशीनपाशीच उभी होती. सगळ्या इमारतीला शिस्त लावायचा मक्ता गुनवोरने कधीच स्वतःकडे घेतला होता. तिची चिठ्ठी दारावर लागली की स्वीडनमधल्या गेव्ले गावातल्या त्या इमारतीला चार दिवस विषय पुरायचा.

झापायला तोंड उघडलं, तोच तिला दिसलं की मशीन रिकामंच फिरतंय. टोपलीतल्या चादरी कोरड्या होत्या, घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

विजेची ही उधळपट्टी पाहून तिचा पारा चढला. तिने करड्या आवाजात जाब विचारला, तेव्हा तिल्दा एका दमात बोलून गेली. धुण्याला नवरा, हेन्रिक, दोन तास देतो, दुकानाला पंचवीस मिनिटं. फोन त्याच्याकडे असतो. आईशी बोलायचं तर तो शेजारी बसतो. धुणं नसलं तरी ती पाळी सोडत नाही, कारण इथे कोणी काही विचारत नाही.

"पण तो मारत नाही हो," ती म्हणाली. "मीच वेंधळी आहे."

"मारतो का, असं मी विचारलं का?"

गुनवोरने खिशातला फोन पुढे केला, महिला मदतवाहिनीला लाव म्हणाली. तिल्दाने हात पाठीमागे नेले. एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. गुनवोरने फोन खिशात कोंबला आणि तिला असं फैलावर घेतलं की दारात आलेला हेन्रिक हसायलाच लागला.

त्यानंतर गुनवोरला चैन पडेना. कॉफी केली, ती निवून गेली. या पोरीची मिनिटं वर्षभर आपणही मोजत होतो, हे तिला फार लागलं. सकाळी तिने मदतवाहिनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, तिलाच बोलू द्या, पण त्याला सुगावा लागता कामा नये.

दुपारी दारावर चिठ्ठी लागली, ठळक अक्षरांत: 'तिल्दा यांनी वारंवार उशीर केला आहे. गुरुवारी तीन वाजता माझ्या घरी येऊन नियम समजून घ्यावेत. दोन तास लागतील.'

गुरुवारी पावणेतीनपासून गुनवोर दारामागे येरझारा घालत होती. तीनला बेल वाजली. हेन्रिक तिल्दाला दंडाला धरून उभा होता.

"घ्या मास्तरीणबाई, तुमची आरोपी. घरी सांगून सांगून मी थकलो. चांगली सोलून काढा."

"पाचच्या आधी सोडणार नाही," गुनवोर म्हणाली. "आणि मध्ये बेल वाजवलेली मला चालत नाही."

तो मान डोलावून, शीळ घालत वर गेला. वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग गुनवोरने तिला स्वयंपाकघरात बसवलं, नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

तिल्दाची नजर सवयीने भिंतीकडे गेली. तिथे नुसता खिळा होता. घड्याळ गुनवोरने सकाळीच काढून ठेवलं होतं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "आत्ता बोलता येईल ना तुम्हाला?"

तिल्दाने गुनवोरकडे पाहिलं. गुनवोर पाठ करून कपबश्या विसळत होती, मुद्दाम सावकाश.

"हो," तिल्दा म्हणाली. "आत्ता येईल."