दिवेलागणीचे रडणे

मित्रांनो, या घरात माळ्याखाली जो काळपटलेला बांबूचा पाळणा टांगलेला दिसतो, तो मी. कुरखेड्याजवळच्या रानात मी बांबू होतो. वारा आला की आम्ही सारे एकत्र डुलायचो. एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात इसरूने मला तोडून आणले आणि अंगणात बसून विणले. त्याची बायको सत्यशीला तेव्हा गरोदर होती.

बाळ आले. डुलणे माझ्या अंगातच होते, त्यामुळे याला आपण सहज झोपवू असे मला वाटले. पण महिनाभराने ते रडू लागले. दिवसभर निवांत असायचे. धानाच्या बांध्यांवर धुके उतरून घरात दिवा लागला की चेहरा लाल व्हायचा, मुठी आवळायच्या, पाय पोटाशी यायचे. पोट ताठ लागायचे. मी कितीही झुललो तरी ते थांबत नसे. सत्यशीलाही रडायची.

इसरूची आई मनकर्णा, तिला हे बघवेना. एका संध्याकाळी तिने चुलीत विळा तापत ठेवला. पोटाला डाग दिला की लेकरू उगी राहते, असे ती ऐकत आली होती. सत्यशीला बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात सरकली. इसरूने नुसता सदरा वर केला. त्याच्या पोटावर जुने पांढुरके व्रण होते.

"माय, तूनं मायेनंच देल्ला असन डाग," तो हळू म्हणाला. "पण याले नोको देऊ."

म्हातारी त्या व्रणांकडे बघत राहिली. मग तिने विळा ओढून राखेत टाकला.

सकाळी सारे बैलगाडीतून आरोग्य उपकेंद्रात गेले. मलाही सोडून गाडीत ठेवले होते, बाळ माझ्यातच निजले होते. नर्स गिरजाबाईंनी ताप पाहिला, वजन केले, पोट चाचपले. दूध नीट पिते का, हिरवी उलटी होते का, शीतून रक्त जाते का, हेही विचारले. बाळ चांगले वाढते आहे, असे त्या म्हणाल्या. कोवळ्या बाळांना असे रडू येते आणि तीन-चार महिन्यांनी ते आपोआप सरते. घुटी, अफू काही द्यायचे नाही. दूध पाजून झाले की खांद्याशी उभे धरून ढेकर काढायचा, रडले की हातावर पालथे घेऊन फिरायचे.

"अन् तुले सहन नाई झालं त सासूजवळ दे," त्या सत्यशीलेला म्हणाल्या. "लेकराले गदागदा हलवू नोको."

त्यानंतर रोज संध्याकाळी मनकर्णा नातवाला हातावर घेऊन अंगणात गुणगुणत फिरायची. कधी तो शांत व्हायचा, कधी नाही. मी रिकामा लोंबत असायचो आणि मला थोडे वाईट वाटायचे. पण आता घरात कोणी घाबरत नव्हते.

मोहफुले टपटपू लागली तेव्हाची गोष्ट. दिवा लागला आणि रडणे आलेच नाही. आम्ही सारे वाट पाहत राहिलो. मनकर्णाने बाळाला माझ्यात उताणे निजवले आणि इसरूला जवळ बसवले.

"तू बी असाच रडत होता," ती म्हणाली. "मले कोणी सांगतलंच नाई रे."

इसरू तिचा हात हातात घेऊन बसून राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरचे बाळ असे रडले, तर आधी दवाखान्यात दाखवा. ताप, हिरवी उलटी, शीतून रक्त, किंवा दूध सोडले तर क्षणभरही थांबू नका. तसे काही नसेल, तर आळीपाळीने त्याला उचलून घ्या. आणि तेवढ्या वेळात त्याच्या आईला झोपू द्या.