फटींतली चार नावं

खात्यात तिला सगळे घार म्हणायचे. तोंडावर मॅडम आणि पाठ फिरली की घार. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. हवेतून पकडलेले सांकेतिक संदेश उलगडणं हे त्या सरकारी खात्याचं काम, आणि उकल विभागात जे कुणालाच सुटत नसे ते शेवटी तिच्या टेबलावर येऊन पडे.

एक गोष्ट मात्र तिलाही सुटली नव्हती. खात्याचं बोधचिन्ह. मध्ये दीपगृह आणि भोवती पिळाच्या दोराचं गोल कडं. दोराचे पीळ सारखे नव्हते, काही लांब होते, काही आखूड. नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या कानात सांगायचं, "त्या दोरात काहीतरी लिहिलंय बरं का." मग तो लांब पिळाला रेघ धरायचा, आखूड पिळाला टिंब, आणि तारेच्या लिपीत अक्षरं लावत बसायचा. उजवीकडून लावा, डावीकडून लावा, हाती यायचा नुसता पालापाचोळा. महिनाभराने तोही म्हणायचा, "काही नाही हो, चित्रकाराचा हात हलला असेल."

घारीनेही तरुणपणी डोकं फोडून घेतलं होतं. सोडून दिलं, पण विसरली नाही.

मग एका दुपारी ती कार्यालयाच्या दारात नवऱ्याची वाट बघत उभी होती. नवरा दातांचा डॉक्टर. त्याचा शेवटचा पेशंट नेहमी तोंड उघडल्यावर मिटायचं विसरायचा, त्यामुळे वाट बघणं हे तिच्या संसारातलं एक ठरलेलं काम होतं. मोठ्या काचेच्या दारावर बोधचिन्ह कोरलेलं होतं. एरवी ती ते बाहेरून, आत येताना बघायची. आज आतून बघत होती. ऊन समोरून येत होतं. काचेवरचे पीळ काळे पडले होते आणि दोन पिळांमधल्या फटी लखलखत होत्या.

फटी. त्याही सारख्या नव्हत्या.

तिने दोराची गाठ शोधली आणि तिथून एकेका फटीवर बोट टेकवत निघाली. रुंद फट, अरुंद फट, अरुंद. पहिलं अक्षर जुळलं, दुसरं जुळलं. आजवर सगळे बाहेर उभं राहून दोर वाचत होते. लिहिणाऱ्याने लिहिलं होतं ते आतल्या माणसांसाठी, आणि दोरात नव्हे, दोराच्या मधल्या रिकाम्या जागेत.

गाडीत बसल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं.

"मग? निघालं काय?"

"चार शब्द. मास्तर, बगळा, धाकटा, खोकल्या." ती खो खो हसली. "इतकी वर्षं सरकारी कागदांवर खोकल्या मिरवतोय! म्हातारा पक्का वस्ताद निघाला."

म्हातारा म्हणजे ज्याने ते चिन्ह काढलं तो खात्याचा जुना चित्रकार. निवृत्त होऊन गावाच्या कडेला राहत होता.

"त्याला विचार ना, कोण ही माणसं," नवरा म्हणाला.

"विचारलं तर गंमत काय राहिली? वर्धापनदिनाला तो येतोच. भर सभेत सांगते. बघ कसा उडतो ते!"

नवऱ्याने गाडी सुरू केली. पुढे कितीतरी दिवस हेच बोलणं तिच्या डोक्यात घोळत राहणार होतं. विचार ना, एवढंच तर तो म्हणाला होता.

वर्धापनदिनाला सभागृह गच्च भरलं होतं. पडद्यावर बोधचिन्ह मोठं करून दाखवलं होतं. घारीने कथा रंगवून रंगवून सांगितली, फटी एकेक करून उजळवल्या, आणि नावं वाचली. मास्तरला माणसं कुजबुजली, बगळ्याला हसली, आणि खोकल्याला तर सभागृह डोक्यावर घेतलं. टाळ्या थांबेनात. तिने मागच्या रांगेत नजर टाकली. चित्रकार हसत नव्हता. तो पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू उठला, शेजारच्यांच्या पायांतून वाट काढत दाराकडे गेला आणि बाहेर पडला. पहिल्या रांगेत साहेबांच्या बाजूला बसलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यानेही टाळी वाजवली नव्हती. तो साहेबांच्या कानाशी लागला होता, आणि साहेबांचा चेहरा उतरत चालला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. बसाही म्हणाले नाहीत.

"काल जे झालं ते झालं. यापुढे याची वाच्यता नको."

"पण सर, ती माणसं कोण?"

"अशी माणसं नव्हती. अशी चौकीही नव्हती." मग जरा नरमाईने म्हणाले, "मॅडम, तुम्ही हुशार आहात. पण हे उकरायचं नव्हतं. वरून सांगणं आलंय. बोधचिन्ह बदलायचं."

तिला म्हणता आलं असतं, की चौकी नव्हती तर तुम्हाला चौकी कुठून सुचली? मी तर फक्त चार टोपणनावं वाचली होती. तिथे म्हणायला हवं होतं. पण ती "जी सर" म्हणाली आणि बाहेर आली. नोकरीत जीभ अशीच वळते.

पाटी उतरली, शिक्के बदलले. काचेचं दार काढायला माणसं आली तेव्हा ती जिन्यात उभी होती. त्यांनी काच गोधडीत गुंडाळली आणि टेम्पोत आडवी घातली.

त्याच संध्याकाळी ती चित्रकाराकडे गेली. दोन खोल्या, खिडकीपाशी कलतं टेबल, त्यावर झाकून ठेवलेल्या शाईच्या बाटल्या. त्याने दार उघडलं, तिला पाहिलं, आणि खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली.

"काका, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं म्हणून तर हसलीस. त्याचा राग नाही मला."

त्याने सांगितलं ते सलग नव्हतं. मध्येच थांबे, पाणी पिई. चित्रं काढायला लागण्याआधी तो बिनतारी यंत्रावर बसायचा, मुख्यालयात. वर बर्फात खात्याची एक चौकी होती, सरहद्दीच्या पलीकडे, म्हणजे जिथे असायला नको तिथे. चौकीत चार माणसं. त्यांची आणि त्याची ओळख नुसती आवाजावर आणि बोटांच्या ठेक्यावर, म्हणून टोपणनावं. बर्फाचा कडा सुटायला आला तेव्हा त्यांनी खाली उतरायची परवानगी मागितली. वरून उत्तर आलं, यंत्र चालू ठेवा.

"ते उत्तर मीच पाठवलं," चित्रकार म्हणाला. "हुकूम माझा नव्हता, पण बोट माझं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच पाठवलं. मग नुसती खरखर."

घरच्यांना कळवलं की गाडी दरीत गेली. भलत्याच रस्त्यावरची दरी. पुढे त्याची बोटं यंत्रावर टिकेनात, म्हणून त्याला नकाशांच्या खोलीत बसवलं. हात चांगला होता. खात्याला चिन्ह हवं झालं तेव्हा काम त्याच्याकडे आलं.

"नाव कुठे लिहायची सोय नव्हती. तेव्हा म्हटलं, ज्या कार्यालयातून त्यांना नाही म्हटलं, त्याच्याच दारावर लिहू. रोज साहेब लोक त्यांच्यासमोरून जातील."



"मी वरपर्यंत लिहीन, काका. दाद मागीन."

"लिही. पण एक सांगू? वाचणं हे तुझं कामच होतं. कुणीतरी वाचावं असं मलाही वाटायचं. फक्त आधी माझ्याकडे यायचं होतंस, पोरी."

ती निघाली तेव्हा त्याने जिन्यापर्यंत येऊन आणखी एक गोष्ट सांगितली. खोकल्याची बायको त्याच शहरात होती, शिवणकाम करायची. तिला त्याने खरं सांगितलं होतं. लिपी तिला येत नव्हती, पण नवऱ्याचं नाव दारावर नेमकं कुठे आहे ते तिने दाखवून घेतलं होतं. बाजारातून जाता-येता ती दारापाशी थांबायची, काचेवर हात टेकून चप्पल नीट केल्यासारखं करायची, आणि पुढे जायची.

घारीने अर्ज केला. पुन्हा केला. उत्तर आलं की सदर चौकीची नोंद आढळत नाही. साहेबांनी तिला उकल विभागातून काढून प्रशिक्षणावर टाकलं. तिनेही हरकत घेतली नाही. कोडं समोर आलं की आता ती कागद पालथा घालून ठेवायची.

शिवणाऱ्या बाईंकडे जायला मात्र तिचं पाऊल उचलत नव्हतं. शेवटी नवराच म्हणाला, "मी सोडतो तुला. गाडीत बसतो. ये जाऊन."

बाईंचं घर जिन्याखाली होतं. मशीनवर अर्धवट परकर, भिंतीला ओळीने लावलेली रिळं. घारीने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. दार का गेलं, कुणामुळे गेलं.

बाईंनी हातातलं रीळ मशीनवर ठेवलं.

"मला वाटलं काच फुटली," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "नाव वाचलंत तेव्हा माणसं हसली का हो?"

घारीला खोटं बोलवेना. "हो. मीही हसले, काकू."

"हसण्यासारखंच आहे ते. मीही हसले होते पहिल्यांदा. यांना खोकलाबिकला काही नव्हता. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांसमोर ठसका लागला, एवढंच." त्या किंचित हसल्या, आणि ते हसू तिथेच विरलं. "तुम्हाला किती दिवस लागले ते शोधायला?"

"दिवस नाही. कितीतरी वर्षं."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आधी नाही सापडलं ते बरं झालं. तेवढी वर्षं हात तरी टेकता आला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर घारीला सोसलं असतं. बाहेर गाडीत नवरा वाट बघत होता. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं, म्हणाल्या, "बसा, चहा ठेवते," आणि ती बसली.